काचेतला ढिवर

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या. तिकडे पंख्याची घरघर फार, आवाज पोचायचा नाही. बुवांची गाडी अजून यायची आहे, मृदंगाची गवसणी निघालेली नाही. कीर्तनाला वेळ आहे, आणि तुमच्यातले पुष्कळ बाहेरगावचे; तोवर एक गोष्ट सांगतो. बुवांच्या तोंडी शोभेल अशी ती नाही. बुवांच्या गोष्टीत भक्ताने हाक मारली की कोणीतरी धावून येतं. माझ्या गोष्टीत हाक आहे, पुढचं नाही. तरी ऐका.

सौंदडच्या स्टेशनावर उतरलं की तळ्याच्या पाळीवरून आमच्या गावची वाट लागते. गावात शिरताच उजव्या हाताला बकारामभाऊ मेंढे यांचं घर. धानाची शेती, बैलजोडी, घरात सुलोचनाबाई, आणि एकच मुलगा, रूपेश. तो तिरोड्याकडे वायरिंगची कामं करायचा, मोटरसायकलने जायचा-यायचा.

त्या घरात एक खेळ होता. तळहातावर मावेल एवढा, वरून चंदेरी पत्रा, मधे काच, दोन बाजूंना दोन बटणं. काचेत एक कोळी टोपली घेऊन उभा. वरच्या धबधब्यातून मासे पडतात. डावं बटण दाबलं की तो डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. मासा टोपलीत पडला की 'टिक'. तीन मासे सुटले की खेळ खलास. आमच्या गावात तळी पुष्कळ, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरंही पुष्कळ, म्हणून सारे त्याला 'ढिवर'च म्हणत.

बकारामभाऊंचं लग्न व्हायचं होतं तेव्हाची ही वस्तू. हिवाळ्यात ते गोंदियाच्या बाजारात चिन्नोर तांदूळ विकायला गेले होते. आमच्या इकडच्या प्रतापगडाजवळच्या तिबेटी वस्तीतली माणसं तिथे स्वेटर घेऊन बसत. त्यातल्या एकाजवळ हा खेळ होता. जपानात बनलेला, त्याच्या भावाने काठमांडूहून आणलेला. बकारामभाऊंनी तो हातात घेतला, दोन मासे झेलले आणि तांदळाचं पोतं तिथेच ठेवून घरी आले. त्यांचे वडील अंगणात उभे राहून ओरडले होते, ते मला आजही ऐकू येतं : "चिन्नोर देऊन टिकटिक आणली! याची भाजी करून खाशील काय गा?"

पुढे संसारात तो खेळ खोक्यासकट धानाच्या कोठीवर पडला. रूपेशने लहानपणी तो शोधून काढला आणि मग तो त्याचाच झाला. मोठा झाल्यावर त्याने मोबाईलवर त्याची सगळी कुळकथा वाचली. कीर्तनाआधी चहा व्हायचा तेव्हा मला सांगत बसायचा.

"काका, हा मोबाईलच्या खेळावानी नाई. कॅलक्युलेटर स्वस्त झाले ना, तवा जपानातल्या लोकायनं विचार केला, ज्या काचेवर आकडे उमटतेत तिच्यावर चित्रं काऊन नाई उमटवाची? ह्या ढिवराची जेवढी रूपं हायेत, तेवढी सारी आधीच काचेत काढून ठेवली हायेत. तो चालत नाई. इकडचा विझते, तिकडचा उमटते. आपल्याले वाटते, चालला."

मला ते फार आवडलं होतं. मी बुवांनाही विचारलं, महाराज, अवतारांचं असंच असेल का हो, सारी रूपं आधीच आहेत, एक मावळतं नि दुसरं प्रगटतं? बुवा हसले. म्हणाले, पुढच्या खेपेला निरूपणात घेतो.

रूपेश आईलाही सांगायचा. एकदा सुलोचनाबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मी बकारामभाऊंकडे विळा मागायला गेलो होतो.

"माय, आता हे बनत नाईत. मोठमोठे लोक घेतेत अन् काचेच्या कपाटात ठेवतेत. खोका पाहिजे, आतला कागद पाहिजे, मागची झाकणी पाहिजे. हात बी लावत नाईत."

"खेळाले हात नाई लावाचा? मंग घेतेत कायले?"

"किंमत वाढते ना."

"असं हाये काय? मंग तुलेच ठेवतो कपाटात. किंमत वाढली का पोरगी पाहू."

रूपेश हसत हसत बाहेर पळाला. घरात त्या दोघांचं असंच चालायचं.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. रात्रीच्या नाटकाला पाहुणे आलेले, घर भरलेलं. त्या संध्याकाळी रूपेश ओसरीत खेळत बसला होता. आई जेवायला हाका मारून थकली. "थांब माय, सुटून राहिला नाई आज एकबी!" पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. शेवटी तिसरा मासा सुटला तेव्हा आकडा होता सातशे अडुसष्ट. त्या डब्यात एक सोय होती. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा तो लक्षात ठेवायचा. बाजूचं बटण दाबून धरलं की तो काचेवर दिसायचा, सोडलं की जायचा.

फाल्गुनात रूपेश गेला. कामावरून परतताना रस्त्यात दिवा न लावता उभी असलेली ट्रॉली त्याला दिसली नाही. याहून जास्त मला सांगवत नाही.

तेरवीला त्याचे कपडे दिले, जोडे दिले, अंथरूण दिलं. आमच्याकडे तसं करतातच. गेलेल्याचं घरात ठेवलं तर त्याचा पाय अडकतो म्हणतात. सुलोचनाबाईंनी सगळं काढून दिलं. ढिवर तेवढा पदराखाली धरून ठेवला. त्यांनी ते बटण दाबलं होतं. काचेवर पोराचा आकडा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी तो खेळ देवघरात दिसला. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधे, लाल कापडावर. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. सकाळी देवांची आंघोळ झाली की ताम्हणातलं तीर्थ तुळशीच्या पानाने साऱ्या देवांवर शिंपडायचं, हळद-कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. जे देवांना, ते ढिवराला. शेवटी हात पुसून त्या बटण दाबत. आकडा उमटे. त्या पाहत, आणि मगच चुलीकडे वळत. आम्ही गेलो की आम्हीही हात जोडत असू. एखादा पाहुणा विचारी, हा कोणता देव? बकारामभाऊ म्हणत, "आमचा पोट्टा हाये जी तो."

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला त्या सुमारास एका सकाळी सुलोचनाबाई माझ्या दारात आल्या. त्या कधी कोणाच्या दारात अशा केस न विंचरता येत नसत.

"भाऊजी, तुमाले दिसते का पाहा बरं. माह्या डोऱ्यालेच झालं काय, का आकडाच फिका झाला?"

मी पाहिलं. आकडा होता, पण पाण्याखाली बुडालेल्या दगडासारखा.

रूपेशचा एक मित्र होता, हिमांशू. गोंदियाला फुलचूरच्या रस्त्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याला फोन केला, तो संध्याकाळी आलाच. खेळ हातात घेण्याआधी त्याने चपला काढल्या, ते मला बरं वाटलं.

"काकू, सेल उतरला. ये तो होनाच था. नवा टाकू, पाच मिनिटांचं काम आहे." मग तो थांबला. "पण जुना काढला की आतलं सारं पुसून जाते. आकडा जाईल."

"अन् नाई काढला तं?"

"तरी जाईल. थोड्या दिवसांनी. आणि सेल आत फुटला तर पूर्ण डबाच जाईल."

सुलोचनाबाई देवघराकडे वळल्या. देवघरात नवरात्रासारखी समई तेवत होती, तिच्याकडे पाहत बसल्या. हिमांशू डोकं खाजवत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक करता येईल. जुना सेल आत असतानाच बाहेरून दोन तारा लावून नवा जोडायचा. त्याची वीज सुरू झाली की मग जुना काढायचा. बीचमें करंट तुटला नाही तर आकडा राहील."

"म्हंजे वातीले वात लावून मंग जुनी काढाची," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अखंड दिव्याले तसंच करतो ना आमी. मंग कायले घाबरवलं बापू मले!"

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या. बकारामभाऊंनी हिमांशूला बळेच जेवायला बसवलं. वाढता वाढता सुलोचनाबाईंनी त्याला रूपेशच्या वाट्याचा भात वाढला, आणि तोही बिचारा सगळा जेवला.

पण हिमांशूला स्वतःच्या हाताची खात्री नव्हती. एवढी जुनी वस्तू त्याने कधी उघडली नव्हती. नागपूरला भुपेंद्र म्हणून एक जण असे जुने खेळ जमवतो आणि दुरुस्तही करतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याला फोटो पाठवला. भुपेंद्रचा लगेच फोन आला. मी तिथेच होतो, हिमांशूने आवाज मोठा केला.

"खोका आहे? झाकणी आहे? पत्र्यावर ओरखडा नाही? अरे, चांगल्या हालतीत असला तर याच्यात नवी मोटरसायकल येते, भाऊ."

मोटरसायकलचं नाव निघताच बकारामभाऊ तिथून उठले.

"विकायचा नाही," हिमांशू म्हणाला. "आकडा वाचवायचा आहे."

"कोणता आकडा?"

हिमांशूने सांगितलं. पलीकडे भुपेंद्रचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "मी तर घरी आणल्या आणल्या पहिले सेल काढून फेकतो. आत राहिला की सडवतो. आकडा वाचवायचं आजवर कोणी म्हटलंच नाही. रविवारी येतो. तोवर बटण दाबू नका, जेवढा जीव आहे तेवढा राहू द्या."

रविवारपर्यंत सुलोचनाबाईंनी आकडा पाहिला नाही. पूजा मात्र सोडली नाही. ती कशी सोडतील?

रविवारी त्या पहाटे न्हाल्या, उपास धरला, ओसरी सारवली, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी घातली. मला बोलावलं : "भाऊजी, टाळ घेऊन या. हळूच म्हना काही. पोराच्या कामाले नाव असू द्या देवाचं." मी गेलो, कोपऱ्यात बसून अगदी हलक्या आवाजात नाम धरलं. बकारामभाऊ दारात पाठमोरे बसले. गळ्यातलं उपरणं दोन्ही हातांनी धरून होते.

भुपेंद्र चांगला माणूस निघाला. रांगोळी पाहून गोंधळला, पण पाटावर मांडी घालून बसला. डोळ्याला भिंग लावलं, बारीक हत्यारं कापडावर मांडली. खेळ उचलून उजेडाकडे धरला आणि त्याची बोटं थबकली. फटीफटींतून लाल दिसत होतं. त्याने नखाने थोडं खरवडलं, नखावर कुंकू आलं. ते त्याने कापडाला पुसलं.

मागची झाकणी सरकेना. त्याने सुई घातली, तेल लावलं, पुन्हा सुई घातली. माझं नाम चालू होतं. हिमांशू दोन तारा आणि नवा सेल घेऊन तयार बसला होता. झाकणी थोडी हलली, आणि फटीतून हिरवी भुकटी पाटावर सांडली.

भुपेंद्रने हात आखडला. "यावर पाणी पडलं होतं का कधी?"

माझा टाळ कधी थांबला, मला कळलं नाही.

"पानी नाई जी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तीर्थ."

"कधी?"

"देवाले आंघोळ तं रोजच असते."

त्याने मान खाली घातली. तारा जोडायला जी पट्टी हवी होती ती आत गंजून झाकणीला चिकटली होती. झाकणी काढल्याशिवाय पट्टीला हात पोचत नव्हता, आणि झाकणी काढली की पट्टी तिच्याबरोबर येणार होती. हे त्याने आम्हा सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, डॉक्टर सांगतात तसं. मग विचारलं, "काय करू, काकू?"

सुलोचनाबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. त्या म्हणाल्या, "तसाच ठेवला तं?"

"हा आठवडा. फार तर."

"करा मंग."

मी पुन्हा नाम धरलं. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की होईल. आयुष्यभर कीर्तनं ऐकली आहेत मी. अशाच वेळी होत असतं, असंच ऐकत आलो. झाकणी निघाली. तिच्याबरोबर पट्टी निघाली, सुक्या पानासारखी मोडून. काच कोरी झाली.

भुपेंद्रने मग पुष्कळ खटपट केली. गंज खरवडला, नवी तार जोडली, डाग दिला, नवा सेल बसवला. दुपार झाली होती. एकाएकी 'टिक' वाजलं. काचेत ढिवर उभा, टोपली घेऊन, मासे पडताहेत, सगळं ठळक काळं, पहिल्यासारखं. हिमांशू आनंदाने ओरडला, "चालू झाला! काकू, चालू झाला!" आणि ओरडल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

सुलोचनाबाईंनी हात पुढे केला. खेळ घेतला. बाजूचं बटण दाबून धरलं. काचेवर शून्य होतं.

त्यांनी बटण सोडलं नाही. धरूनच बसल्या. बोट पांढरं पडलं तरी सोडेनात. शेवटी बकारामभाऊ उठून आले आणि त्यांचं बोट एका बाजूला केलं.

"रोज कायले आंघोळ घालत होतीस वो?" ते म्हणाले. "काऊन घालत होतीस? पोट्टा काय देव होता?"

एवढंच बोलले आणि वावरात निघून गेले. त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सुलोचनाबाईंना भांडता आलं असतं.

मी त्यांना समजवायला गेलो नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो, बुवांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. देह नाशिवंत, आकडा काय घेऊन बसलात, तो तर देवाच्या चरणी रुजू झाला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी माह्या हातानं पानी घातलं. देवानं पाह्यलं असन ना? मंग एकडाव तरी हात धराचा होता माहा."

याला उत्तर कोणत्या निरूपणात आहे? माहीत असेल तर मला सांगा. मी बुवांना विचारलं. ते म्हणाले, माझ्यापाशी नाही. त्याबद्दल मी त्यांना मनातून नमस्कार केला.

त्यानंतर बकारामभाऊंनी एक नवीनच सुरू केलं. दुपारी जेवण झालं की ओसरीत खेळ घेऊन बसायचे. नांगर धरून जाड झालेली बोटं, बटण दाबायचं एक तर दोन्ही दाबली जायची. पाच-दहा मासे झेलायचे, तीन सुटायचे, पुन्हा सुरू. डोळ्याला धार लागायची. मी विचारलं, "काय करून राहिले जी, भाऊ?" तर आतल्या दाराकडे पाहत हळूच म्हणाले, "तेवढाच आकडा बसवून देतो तिले. वर नाई, खाली नाई. तेवढाच."

वर गेला तर? मी विचारलं नाही. त्यांच्या हातून शंभरही कधी झाले नाहीत.

सुलोचनाबाई दारात येऊन उभ्या होत्या. आम्हाला कळलं नव्हतं.

"नोका जी खेळू," त्या म्हणाल्या. "बसला तरी तो तुमचा होईन. त्याचा नाई होनार."

बकारामभाऊंनी खेळ खाली ठेवला. नंतर मी तो त्यांच्या हातात पाहिला नाही.

दिवाळीच्या तोंडावर सुलोचनाबाईंनी हिमांशूला फोन करून भुपेंद्रला बोलावून घेतलं. खोका काढून ठेवला होता. आतला जपानी अक्षरांचा कागदही सापडला होता, कोठीच्या मागे, उंदरांनी न कुरतडलेला. भुपेंद्र तो कागद दोन्ही हातांनी उलगडून पाहू लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद आला; मग त्याचीच त्याला लाज वाटली. त्याने खिशात हात घातला तसे बकारामभाऊ गोठ्यात निघून गेले. सुलोचनाबाई म्हणाल्या, "ठेवा ते. आमी काही विकून नाई राहिलो. तुमी जपून ठेवसान म्हनून देतो."

"काकू, तुम्हाला वाटलं तर कधीही परत..."

"नोको," त्या म्हणाल्या. "फक्त पानी नोको लागू देसान त्याले."

तो गेला. आता त्याच्याकडे तो कपाटात असेल, सेल काढलेला.

सुलोचनाबाई जिवंत आहेत, भात रांधतात, धान वाळवतात. देवांना हात लावत नाहीत. पूजा बकारामभाऊ करतात. तेही फक्त फूल वाहतात, पाणी घालत नाहीत. मूर्ती काळवंडल्या आहेत. कीर्तनाला मी बोलवायला जातो, त्या "येतो, तुमी व्हा पुढं" म्हणतात आणि येत नाहीत. मी टाळ वाजवतो. नाम सोडलेलं नाही, सुटणारही नाही माझ्याने. पण पूर्वी नाम घेताना ते कुठेतरी पोचतं आहे असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. नुसतं घेतो.

बुवांच्या गाडीचा दिवा दिसतो आहे. उठा, टाळ घ्या. एवढंच मागतो तुमच्यापाशी, आज गजर सुरू झाला की रूपेश बकाराम मेंढे हे नाव एकदा मनात आणा. तो मागे बसायचा, त्या चपलांपाशी. पायाला चिखल असायचा आणि टाळी नेहमी एक मात्रा आधी पडायची. आम्ही सारे वळून हसायचो. त्याला आठवा.